अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचे शिक्षण: हक्क कसे मिळत गेले आणि दिल्ली परिसरात ते कसे मिळवावेत

तुमचे मूल तोंडी उत्तरे नीट देते, पण वाचताना अडखळते. फळ्यावरचे उतरवून घ्यायला त्याला फार वेळ लागतो किंवा साध्या हिशेबात आकड्यांची अदलाबदल होते. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. अशा मुलांपैकी काहींना विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. त्यांना कायद्याने कोणते हक्क दिले, ते कधी मिळाले आणि दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम किंवा फरिदाबादमध्ये राहत असल्यास ते कसे मिळवावेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

वाचनात अडचण (डिसलेक्सिया), लेखनात अडचण (डिसग्राफिया) आणि गणितात अडचण (डिसकॅल्क्युलिया) हे तिचे नेहमी आढळणारे प्रकार आहेत. ही बुद्धीची कमतरता नाही आणि आळसही नाही. योग्य पद्धतीने शिकवले व परीक्षेत सवलत दिली, तर ही मुले इतरांप्रमाणे शिकू शकतात.

एक काळजी घ्या. घरी मराठी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी असल्यास नवीन भाषेमुळेही मूल मागे पडू शकते. ती अध्ययन अक्षमता नव्हे. म्हणून तपासणीच्या वेळी मूल घरी कोणती भाषा बोलते आणि आधी कोणत्या माध्यमात शिकले, हे तज्ज्ञांना अवश्य सांगा.

हक्क कसे मिळत गेले?

१९७४: केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना सुरू केली. दिव्यांग मुलांनी शक्यतो सर्वसाधारण शाळेतच शिकावे, हा विचार सरकारी योजनेत आला.

१९९५: दिव्यांग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. त्यात ७ प्रकार होते. अध्ययन अक्षमता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही ती आली नाही. यादीत नाव नसल्याने या मुलांना या कायद्यांचा आधार मिळाला नाही.

१९९६: महाराष्ट्र शासनाने दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना वाढीव वेळ व विषयांतील सूट अशा सवलती दिल्या. असे करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव घेतले जाते. देशाच्या कायद्यात ही अक्षमता येण्यास मात्र आणखी २० वर्षे लागली.

२००९: शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या मुलांना तो लागू झाला. २००९ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीतील सरकारी व महापालिका शाळांत विशेष शिक्षक नेमण्याचे आदेश दिले. २०१२ मध्ये विनाअनुदानित खासगी शाळांनाही तसेच आदेश मिळाले.

२०१६: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मंजूर झाला. ७ ऐवजी २१ प्रकार झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता प्रथमच आली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ही अक्षमता कशी तपासावी, याची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०१८ मध्ये निघाली.

२०२१: सर्वसाधारण शाळांत विशेष गरजा असलेल्या दर १० विद्यार्थ्यांमागे प्राथमिक स्तरावर आणि दर १५ विद्यार्थ्यांमागे उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले. लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्व असलेच पाहिजे असे नाही, असेही न्यायालयाने त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

प्रमाणपत्राशिवाय काय मिळते?

‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असे उत्तर काही पालकांना मिळते. पण अधिनियमाच्या कलम १६ नुसार मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यानुसार शिकवण्याचे उपाय करणे, हे शाळेचेच काम आहे. त्यासाठी पालकांनी आधी प्रमाणपत्र आणावे, अशी अट या कलमात नाही. कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांना लागू आहे. म्हणून मान्यताप्राप्त खासगी शाळाही त्यात येतात.

प्राथमिक चाचपणीसाठी एनसीईआरटीने ‘प्रशस्त’ ही तपासणी सूची व ॲप तयार केले आहे. ते शिक्षकांनी वापरायचे असते. त्यातून निदान होत नाही. पुढील तपासणीची गरज आहे का, एवढे कळते.

प्रमाणपत्रानंतर काय मिळते?

- परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. कलम १७ मध्ये या सवलतींचा उल्लेख आहे. सीबीएसईच्या ३ तासांच्या पेपरला १ तास जादा मिळतो.
- दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण.
- तेवढेच दिव्यांगत्व असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के राखीव जागा.
- समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतील विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सहाय्य. मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातून १० महिने, विद्यावेतनाची तरतूद आहे.

काय करावे?

१. शाळेला लेखी अर्ज द्या. मुलाला नेमके काय अवघड जाते ते लिहा आणि तपासणी व विशेष शिक्षकाची मदत मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

२. डोळे व कान तपासून घ्या. कमी दिसणे किंवा कमी ऐकू येणे हेही मागे पडण्याचे कारण असू शकते.

३. मूल ८ वर्षांचे झाल्यावर प्रमाणपत्रासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करा. याच अर्जातून युडीआयडी कार्डही मिळते. अर्ज तुमच्या राहत्या जिल्ह्यातून होतो; शाळा दुसऱ्या राज्यात असली तरी चालते. खासगी दवाखान्याचा अहवाल उपयोगी पडतो, पण तो सरकारी प्रमाणपत्राऐवजी चालत नाही.

४. रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ तपासणी करतात. बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. यासाठी एकापेक्षा जास्त वेळा जावे लागू शकते. मुलाच्या वह्या, प्रगतिपुस्तके आणि शाळेचे पत्र सोबत न्या.

५. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. दहावीच्या आधी ही तारीख टळू देऊ नका.

६. बोर्डाच्या सवलतींसाठी नववीतच शाळेकडे कागदपत्रे द्या. परीक्षेच्या तोंडावर धावपळ झाल्यास सवलत हुकू शकते.

दिल्लीतील खासगी शाळांत सुरुवातीच्या वर्गांमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. पण अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र ८ वर्षांनंतरच मिळत असल्याने, नर्सरी किंवा पहिलीच्या प्रवेशाला त्याचा आधार घेता येत नाही.

महाराष्ट्रातून बदली होऊन आला आहात?

२०१६ च्या अधिनियमाखाली मिळालेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या सरकारी रुग्णालयाने दिले म्हणून दिल्लीतील शाळा ते नाकारू शकत नाही. मात्र बोर्ड बदलल्यास सवलतींसाठी नव्या बोर्डाकडे पुन्हा अर्ज करावा लागतो.

मदत नाकारल्यास

आधी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. उत्तर न आल्यास दिल्लीत शिक्षण संचालनालयाकडे, हरियाणा व उत्तर प्रदेशात जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. त्यानंतर संबंधित राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. शाळा ज्या राज्यात आहे, तिथल्या कार्यालयाकडे जा. सोबत पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जोडा.

प्रमाणपत्राची वाट पाहत असतानाही शाळेतील मदत मागत राहा. ती मागण्याचा तुम्हाला आजही हक्क आहे.