सोंग, पडदा आणि जामसरचा प्रेक्षक

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. जुन्या सिनेमांचा आणि दूरदर्शनवरच्या जुन्या नाटकांचा इतिहास तुम्ही सांगता, पण तो नेहमी करणाऱ्यांच्या बाजूने असतो, पाहणाऱ्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही दिग्दर्शकाची खुर्ची सोडून प्रेक्षकाच्या सतरंजीवर बसणार आहोत, आणि ती सतरंजी अंथरली आहे जव्हार तालुक्यातल्या जामसरला.

आता म्हणाल, जामसरला सिनेमाचा काय इतिहास? इथला प्रेक्षक पडद्यासमोर आला तेव्हा कोरा नव्हता, हे आधी ध्यानात घ्या. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा आहे. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. गणपती येतो, रावण येतो, शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. मुखवट्यामागे कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. काल ज्याच्याकडून बैल मागून आणला तोच आज देव होऊन नाचतोय. तरी समोर आला की लोक हात जोडतात.

आमच्या विषयात 'साधारणीकरण' नावाचा एक शब्द आहे. भट्टनायकाने मांडला, अभिनवगुप्ताने वाढवला. रंगभूमीवरचा राम हा कुणा एका काळचा, एका घरचा राम उरत नाही आणि पाहणाराही आपलं नाव-गाव विसरतो, तेव्हा रस निर्माण होतो. ठीक. बोहाड्यात मात्र नाव-गाव विसरलं जात नाही. शेजारीही दिसतो आणि देवही. चाळीस वर्षं वर्गात हा सिद्धान्त शिकवला, पण त्याची ही बाजू ग्रंथापेक्षा बोहाड्यात जास्त स्वच्छ दिसते.

आता सिनेमाकडे या. 1977 साली 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांची गाणी. नाग्या हा ठाकर भगताचा मुलगा, राणीमाशी त्याचा डोळा घेते आणि तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायची असा पण करतो. चिंधी त्याच्या सोबतीला. कथा कर्नाळ्याच्या परिसरातली. पण ठाकर जव्हार-मोखाड्यातही आहेत, क-ठाकूर आणि म-ठाकूर. म्हणजे हा सिनेमा इथे पाहणारा माणूस कुणा परक्याची गोष्ट पाहत नव्हता.

आमचं मत सांगतो. हा सिनेमा गाण्यांनी तोलून धरला आहे, आणि ती गाणी थोर आहेत. पण महानोर पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या बाजूचे. त्यांच्या शब्दांत ज्वारीच्या रानाचा वास आहे, नागली-वरईच्या उताराचा नाही. शहरातल्या प्रेक्षकाला हे जाणवण्याचं कारण नव्हतं. इथल्याला जाणवतं. तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण बोहाड्याने त्याला शिकवलेलं असतं: मुखवटा आपल्या चेहऱ्यासारखा असायलाच हवा असं नाही. नाग्या देवाशी भांडतो तेवढं पुरतं.

'आक्रोश'चं तसं नाही. तिथे मुखवटाच नाही. 1980चा सिनेमा, गोविंद निहलानींचं पहिलं दिग्दर्शन, लेखन विजय तेंडुलकरांचं, एका खऱ्या घटनेच्या बातमीवरून सुचलेलं. लहान्या भिकूवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. त्याचा वकील भास्कर कुलकर्णी त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि लहान्या एक शब्द बोलत नाही. ओम पुरींचं ते गप्प बसणं त्या काळी फार वाखाणलं गेलं. आम्हीही वाखाणलं.

पण जामसरला बसून तोच सिनेमा पाहिला की एक शंका येते. हा सगळा मुलूख, 2014च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्हा आणि आता पालघर, खरोखर असा मुका होता का? 1945च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करणार नाही असं लोकांनी उघड सांगितलं. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यांत जेठ्या गांगड. गोदूताई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सारं लिहून ठेवलं आहे, आणि ते पुस्तक 'आक्रोश'च्या दहा वर्षं आधीचं. म्हणजे लहान्या पडद्यावर गप्प बसला त्याच्या पस्तीस वर्षं आधी इथली माणसं बोलून, त्याची किंमत मोजून मोकळी झाली होती.

मग सिनेमा खोटा का? नाही. आमच्या मते 'आक्रोश' लहान्याचा नाहीच, तो कुलकर्णी वकिलाचा आहे. ऐकायची सवय नसलेल्याला समोरचा मुका वाटतो, त्याची ही गोष्ट. सरकारी वकील दुसाने, अमरीश पुरींनी केलेला, तो स्वतः आदिवासी. शिकला, वर गेला, आणि रात्री फोनवर शिव्या ऐकतो. ते पात्र आम्हांला लहान्याहून अवघड वाटतं. इथल्या ज्या मुलाला शिकून नोकरी लागली त्याने 'आक्रोश' पाहावा तो दुसानेसाठी.

टीव्हीकडे जरा घाईने जातो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं, पण डोंगराआड चित्र कुठलं दिसायला? लहान प्रक्षेपकांचं जाळं ऐंशीच्या दशकात पसरलं, तोवर 'गजरा' आणि 'चिमणराव' हे मुंबई-पुण्याचंच कौतुक होतं. त्यातलं बरंच आज पाहायलाही मिळत नाही. टेप महाग, एकच टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत. जो कार्यक्रम पुसला गेला तो आता पाहणाऱ्याच्या डोक्यातच शिल्लक, आणि ती डोकी आमच्या वयाची झाली. बोहाड्याचं सोंग निदान पुढच्या वर्षी पुन्हा नाचतं.

एक गोष्ट मात्र रेंगाळून सांगावीशी वाटते. स्मिता पाटील पहिल्यांदा लोकांना दिसली ती दूरदर्शनवर मराठी बातम्या देताना. स्वच्छ, ठाम, प्रमाण मराठी. तीच 'जैत रे जैत'मध्ये चिंधी झाली, 'आक्रोश'मध्ये लहान्याची बायको नागी झाली, आणि 1981 साली सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'सद्गती'त दुखी चांभाराची बायको. तिथेही नवरा ओम पुरीच. क्रम बघा. बातम्या सांगताना जिच्या तोंडी सगळ्या जगाच्या गोष्टी, तिच्या नागीच्या वाट्याला बोलणं जवळजवळ नाहीच. चिंधी मात्र बोलते, नवरा सोडते, हवा तो पुरुष निवडते. काडीमोड आणि दुसरं लग्न इथल्या समाजांना नवं नाही, त्यामुळे चिंधीचं शहरात जेवढं आश्चर्य झालं तेवढं जामसरला होण्याचं कारण नव्हतं. शहरी समीक्षेने जिला बंडखोर म्हटलं, ती इथल्या बाईला ओळखीची वाटावी.

वेळ संपत आली. पुढच्या खेपेला निहलानींचाच 'तमस' घेऊ, 1988चा. पहिल्या प्रसारणाच्या वेळी तुमच्यापैकी कुणी तो पाहिला असेल तर कुठे, कुणाच्या घरी, किती जण मिळून पाहिला आणि मधेच कोण उठून गेलं, एवढं आम्हांला कळवा.