तंबाखूचा मुलूख आणि पेशींची अदलाबदल

निपाणीच्या वखारींवर आम्हां सीमाभागातील कित्येक घराण्यांचे संसार उभे राहिले. त्याच तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाविषयी मात्र बैठकीत बोलणे होत नसे. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तो संबंध अभ्यासला. त्यांच्या शिष्या, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशी शरीराबाहेर जगवण्याची ही विद्या नसती, तर पुढील प्रयोग अशक्यच होते.

कर्कपेशी प्राणवायू असतानाही साखर आंबवतात, हे जर्मनीच्या ऑटो वॉरबुर्ग यांना १९२०च्या दशकात दिसले. त्यांनी दोष पेशीच्या श्वसनाला दिला. हे श्वसन तंतुकणिकांत चालते आणि त्यांचा स्वतःचा डीएनए असतो. मग दोष केंद्रकाचा की तंतुकणिकांचा? १९८९ साली अमेरिकेत किंग व अत्तार्दी यांनी तंतुकणिकांचा डीएनए नाहीसा केलेल्या मानवी पेशींत परक्या तंतुकणिका घातल्या. वाट सापडली. २००८ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या कर्कपेशींत अशी अदलाबदल केली. जहाल पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए मिळताच मवाळ पेशी अंगभर पसरू लागल्या. उलट केले, तेव्हा जहाल पेशींचे पसरणे घटले. केंद्रके होती तीच होती. रणदिवे २००१ सालीच निवर्तल्या होत्या.