किट, स्ट्रीट हॉक आणि फोंडा घाट

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक टीव्ही मालिका चालू असते, असं माझं एक (पूर्णपणे बिनपुराव्याचं) मत आहे. एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसणारा, वेळच्या वेळी हप्ते भरणारा माणूस स्टिअरिंगवर हात पडला की मनातल्या मनात हिरो होतो. पार्श्वसंगीत त्याचं त्यालाच ऐकू येतं. शेजारी बसलेल्या बायकोला फक्त गिअर बदलल्याचा आवाज येतो.

तर मंडळी, या वीकांताचा विषय हाच. आवडत्या मालिकेचा मूड आपल्या रोजच्या ड्रायव्हिंगमध्ये आणायची ही हौस आली कुठून, आणि आपण त्या मालिकांमधून नेमकं काय उचललं?

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल. १९७९ साली तिथे 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' नावाची मालिका सुरू झाली. दोन चुलतभाऊ, एक भगवी डॉज चार्जर गाडी आणि जवळजवळ प्रत्येक भागात नदी-नाल्यावरून उडी. उडी मारून गाडी पलीकडे उतरते आणि तशीच धूळ उडवत पुढे पळते. प्रत्यक्षात? उडी मारलेली गाडी बहुतेक वेळा तिथेच भंगारात जमा व्हायची. इंजिनच्या वजनाने नाक खाली जाऊ नये म्हणून डिकीत वजन भरायचे. उतरताना सांगाडाच वाकायचा. मग कट, आणि पुढच्या शॉटला दुसरी गाडी. १९८५ पर्यंत मालिका चालली, तेवढ्यात साधारण ३०० चार्जर गाड्या खपल्या असं मानतात. प्रेक्षकांना मात्र एकच अमर गाडी दिसत राहिली.

मग २६ सप्टेंबर १९८२ ला एनबीसीवर 'नाईट रायडर' आली. निर्माता ग्लेन लार्सन, हिरो डेव्हिड हॅसलहॉफ. पण खरा हिरो होता किट. काळीकुळकुळीत पाँटिअॅक ट्रान्स अॅम, पुढे नाकावर इकडून तिकडे सरकणारा लाल दिवा, आणि बोलणारी गाडी! किटला 'ती' म्हणायचं की 'तो', यावर आमच्या ग्रुपमध्ये वाद आहे. पण आवाज पुरुषाचा, म्हणून मी 'तो' म्हणतो. आवाज दिला होता विल्यम डॅनियल्स या नटाने, आणि श्रेयनामावलीत स्वतःचं नाव येऊ दिलं नव्हतं. गाडी स्वतःहून चालते त्या दृश्यांत एक स्टंट ड्रायव्हर सीटच्या खोळीत लपून बसायचा आणि अंग चोरून गाडी हाकायचा. आमच्या धंद्यात डेमोच्या वेळी पडद्यामागे एक ज्युनिअर हाताने डेटा भरत असतो, त्याचा हा आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे मात्र आमच्या आधीच्या पिढीवर गारूड केलं ते 'स्ट्रीट हॉक'ने. दिवसा पोलीस खात्यात साधी नोकरी करणारा जेसी मॅक रात्री काळ्या मोटारसायकलवर गुन्हेगारांमागे जातो. बाईकचा वेग ताशी ३०० मैल, म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर! कंट्रोल रूममध्ये बसलेला नॉर्मन टटल नावाचा इंजिनिअर त्याला कानात सूचना देत राहतो. अमेरिकेत १९८५ मध्ये १३ भागांत ही मालिका गुंडाळली गेली. दूरदर्शनवर आली आणि इथे तिचं सोनं झालं. आज पन्नाशीला आलेल्या कुणालाही नाव घेऊन बघा, डोळ्यांत चमक दिसेल.

असं का झालं असावं? मला त्याचं उत्तर मालिकेपेक्षा आपल्या रस्त्यावर सापडतं. बजाजची स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळायची, तो हा देश. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० आली. 'आपली स्वतःची, पटकन पळणारी गाडी' ही कल्पना मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि त्याच सुमारास टीव्हीने ती गाडी कशी चालवायची याचं स्वप्नही पुरवलं. गाडी आणि गाडीची नक्कल करायचा नमुना, दोन्ही जवळजवळ एकाच हप्त्यात घरी आले.

माझा जन्म यानंतरचा. आमच्या वाट्याला २००४ चा 'टारझन: द वंडर कार' आला, दिलीप छाब्रियांच्या कारखान्यात बनलेली ती जांभळी गाडी घेऊन. किट आणि स्ट्रीट हॉक आम्ही नंतर यूट्यूबवर बघितले. पण वारसा तोच. बोनेटखाली लाल एलईडीची पट्टी, सायलेन्सर बदललेली बाईक, दहा सुरांचा हॉर्न.

आता गंमत बघा. समजा, किट खरोखरच सिंधुदुर्गात आला आणि एमएच ०७ ची पाटी लावून घ्यायला ओरोसच्या आरटीओत उभा राहिला, तर? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ सांगतो की पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवता येत नाही. संपला स्कॅनर! नियम ११९ नुसार वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही, म्हणजे ड्यूक्सवाल्यांचा सुरेल हॉर्नही बाद. मूळ कंपनीने दिलेल्या रचनेत वाटेल तसा बदल करता येत नाही हे कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. थोडक्यात, या मालिकांमधून आपण ज्या वस्तू उचलल्या त्यातल्या बऱ्याचशा बेकायदा आहेत.

दुसरी उचललेली गोष्ट म्हणजे वेग, आणि ही जास्त महाग पडते. पडद्यावरचा वेग बऱ्याचदा कॅमेऱ्याचा असतो. चित्रण कमी फ्रेम्सवर करायचं आणि नेहमीच्या गतीने दाखवायचं, की साठची गाडी शंभरची वाटते. रस्ता दोन्हीकडून बंद केलेला असतो. समोरून एसटी येत नाही, आडवी म्हैस येत नाही, आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो वळणावर बंद पडलेला नसतो. आपल्या रस्त्यावर हे सगळं असतं.

थोडं गणित करू (इंजिनिअर आहे, सवय जात नाही). धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी ६० ला तेवढ्यात गाडी २५ मीटर जाते, ८० ला ३३ मीटर. ब्रेक लागायच्या आधीचं हे अंतर! त्यानंतर थांबायला कोरड्या चांगल्या रस्त्यावर ६० ला आणखी साधारण २० मीटर, ८० ला ३६. म्हणजे एकूण ४५ विरुद्ध ६९. आणि वाचतो काय? चाळीस किलोमीटरच्या तुकड्यात दहा मिनिटं. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदवलेले आहेत. हे सरकारी आकडे आहेत, माझे नाहीत.

मग या मालिकांमध्ये घेण्यासारखं काही नव्हतंच का? होतं की! पण ते आपण तिथेच सोडून आलो.

'नाईट रायडर'चे दोन-चार भाग आज पुन्हा बघा. उड्या आणि स्फोट आता जरा हास्यास्पद वाटतात. टिकून राहतं ते संभाषण. किट सतत बोलतो. पुढे काय आहे ते सांगतो, मायकेलला झोपायला सांगतो, त्याच्या आगाऊपणावर खोचक बोलतो, 'हे धोक्याचं आहे' म्हणून बजावतो. मायकेल वैतागतो, पण ऐकतो. स्ट्रीट हॉकमध्येही तेच. टटल कानात नसेल तर जेसी मॅक पहिल्या वळणावर भिंतीवर जाईल. दोन्ही मालिकांचा गाभा एकच: चालवणारा एकटा नाही, आणि शेजारचा आवाज त्याला जिवंत ठेवतो.

तो आवाज आता आपल्याकडे खरोखर आलाय. २००८ मध्ये मिओ कंपनीने किटच्या आवाजात रस्ता सांगणारं जीपीएस यंत्र विकायला काढलं होतं, आवाज डॅनियल्सचाच. आज फोनमधला नकाशा मराठीत 'उजवीकडे वळा' म्हणतो. नव्या गाड्या लेन सुटली की ओरडतात, समोर गाडी आली की स्वतः ब्रेक लावतात. आणि सगळ्यात साधा किट तर स्वस्तातल्या गाडीतही असतो: पट्टा लावला नाही की टिंग टिंग करणारा.

या किटचं आपण काय केलं? त्याचं तोंड बंद करायला क्लिप विकत घेतली! पट्ट्याच्या खाचेत ती धातूची क्लिप अडकवायची, की गाडीला वाटतं पट्टा लावलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते, आणि देशभर चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला सांगितलं. तेव्हा तेरा हजारांहून जास्त नोंदी हटवल्या गेल्या. तेरा हजार! बोलणाऱ्या गाडीचं स्वप्न बघत मोठे झालेले आपण, आणि गाडी बोलायला लागली तर पैसे मोजून तिला मुकी करणारेही आपणच.

आता जरा कोकणात. आमचं गाव जामसंडे, देवगडला चिकटलेलं. पुण्याहून निपाणी, राधानगरी, मग फोंडा घाट उतरून नांदगाव, शिरगाव, जामसंडे. २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली आणि या बाजूच्या रात्रीच्या प्रवासाला एक नवीनच मूड मिळाला. कुडाळ तालुक्यातल्या आकेरीचा तो वाडा बघायला लोक वाट वाकडी करून जायला लागले. मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून इथल्याच लोकांनी आक्षेपही घेतला होता. घाटात दिवे मंद झाले की गाडीत कुणीतरी ते पार्श्वसंगीत तोंडाने वाजवतंच. मला त्याची एक गोष्ट आवडते: सगळे जागे असतात. रात्री दोन वाजता घाटात खरं भूत एकच, ते म्हणजे चालवणाऱ्याची डुलकी.

म्हणून आमच्या गाडीत एक नियम आहे. पुढे डावीकडे बसणाऱ्याने झोपायचं नाही. तो किट. वळण सांगायचं, गप्पा मारायच्या, दर दोन तासांनी चहाला थांबवायचं, आणि 'हळू' म्हटलं की चालवणाऱ्याने वाद न घालता वेग कमी करायचा. काँप्युटर, स्कॅनर, टर्बो बूस्ट, काही लागत नाही. बहुतेक वेळा या जागेवर माझी आत्या असते. तिने 'नाईट रायडर' बघितलेली नाही, पण काम चोख करते.

"हळू चलय रे बाबू! गाव खंय पळान जावचा नाय."

असा डायलॉग किटलाही जमला नसता. असो. गणपतीला गावी निघायच्या आधी तुमच्या गाडीतल्या किटची जागा नक्की करा, आणि क्लिप असेल तर काढून टाका.