विंचवाचे औषध आणि पडद्यावरची तालीम

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘दीक्षा’ या व्यासपीठावर कोरोनाचे प्रशिक्षण सुरू केले. डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांनी मोबाईलवरच शिकायचे होते : पीपीई किट कसा घालायचा, तो अंगावरून कसा उतरवायचा, रुग्णाला वेगळे कसे ठेवायचे. पुढे २०२१ मध्ये राज्याच्या कृतिदलातील तज्ज्ञांनी ‘माझा डॉक्टर’ उपक्रमात खासगी डॉक्टरांशी दूरदृश्य प्रणालीवरून संवाद साधला. गर्दी टाळून हजारोंना एकाच वेळी शिकवण्याची ही सोय मोलाची होती. पण त्यात उस्ताद बहुधा दिल्ली-मुंबईत आणि शागीर्द गावात, अशी वाटणी ठरून गेली.

महाडचा इतिहास या वाटणीला छेद देतो.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे रक्तदाब झपाट्याने चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यातून दिसले. पुढे त्यांनी ‘प्राझोसिन’ ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी वापरली. १९८२ आणि १९८६ साली त्यांचे निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. गंभीर दंशात सुमारे ४० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एका टक्क्याच्या आसपास आले.

तेव्हा ना इंटरनेट होते ना वेबिनार. बिरवाडीकडे जाणारी वाट आणि टपाल एवढेच साधन. तरीही इल्म महाडहून लंडनला गेला आणि तिथून देशभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचला. २०११ साली महाडमधल्याच रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट साधनांची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात वीज आणि मोबाईलचे जाळे कोलमडले. जुलै २०२१ मध्ये महाडला महापुराने गाठले, तळीये आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. साथ चालूच होती. सारी तालीम मोबाईलवरच टाकली, तर रेंज गेल्यावर ती थांबते. म्हणून छापील पुस्तिका, तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष सराव आणि विजेची पर्यायी सोय हवी.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. डोंगरातल्या वाडीवर रुग्ण उशिरा का येतो, दवाखान्यात यायला का घाबरतो, त्याला खाली आणायला किती तास लागतात, हे आशाताईला आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ठाऊक असते. राजधानीतल्या तज्ज्ञाला ते तिथूनच कळू शकते. पुढच्या साथीत पडद्यावरचा वर्ग भरेल तेव्हा बिरवाडी-पोलादपूरच्या लोकांना नुसते हजेरीपटावर ठेवू नये. त्यांच्या नोंदी मागवाव्यात, त्यांना बोलू द्यावे आणि त्यांचे ऐकून सूचना बदलाव्यात. विंचवाच्या औषधाची सुरुवात अशाच एका आरोग्य केंद्रातल्या नोंदींनी झाली होती.