स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा : भारतातील ऐतिहासिक वाटचाल (१९३९ ते २०२०)

प्रस्तावना :
मोटार विम्याविषयी बोलताना सर्वसामान्य माणूस 'थर्ड पार्टी' आणि 'फुल इन्शुरन्स' असे दोन शब्द वापरतो. पहिल्या प्रकारात वाहनामुळे इतरांना झालेल्या हानीची भरपाई मिळते. दुसऱ्या प्रकारात त्याखेरीज मालकाच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचीही हमी असते. एकाच विमापत्रात दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या या दोन हमींचा उगम, हेतू व दरनिश्चिती मात्र भिन्न होती. त्यांपैकी दुसऱ्या हमीची भारतातील वाटचाल कशी झाली आणि तिचे संरक्षण प्रत्यक्षात कोणाला मिळाले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कायद्याची सक्ती व तिची मर्यादा :
ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने त्रयस्थांच्या हानीचा विमा सक्तीचा केला. भारतात मोटार वाहन कायदा, १९३९ मधील आठव्या प्रकरणाने हेच तत्त्व स्वीकारले व त्याची अंमलबजावणी १ जुलै १९४६ पासून झाली. पुढे १९८८ च्या कायद्यातील कलम १४६ ने ही सक्ती कायम ठेवली. या सक्तीमागील भूमिका स्पष्ट होती. अपघातात सापडलेल्या पादचाऱ्याने वाहनमालकाशी कोणताही करार केलेला नसतो, आणि मालक निर्धन असल्यास न्यायालयाचा निवाडाही निरुपयोगी ठरतो. म्हणून कायद्याने त्रयस्थाचे रक्षण केले. मालकाचे वाहन ही त्याची खाजगी मालमत्ता असल्याने तिची काळजी त्याच्यावरच सोपविली गेली.

तथापि, कायद्याने जी सक्ती केली नाही ती कर्जव्यवहाराने केली. बँका व भाडेखरेदी संस्था वाहन तारण ठेवताना सर्वंकष विम्याची अट घालू लागल्या. विमापत्रावर कर्जदात्या संस्थेची नोंद होऊ लागली व वाहन पूर्णतः नष्ट झाल्यास भरपाईवर प्रथम तिचा अधिकार मान्य झाला.

दरपत्रकाचा कालखंड :
विमा कायद्यात १९६८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दर सल्लागार समितीला वैधानिक स्थान मिळाले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्थांचे चार कंपन्यांत विलीनीकरण झाले. कोणत्याही कंपनीकडे गेले तरी विम्याचा दर एकच राहिला. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना प्रवेश मिळाला, तरी दरपत्रक टिकून होते.

१ जुलै २००२ च्या दरपत्रकाने एक महत्त्वाचा बदल केला. तोपर्यंत मालकाने सांगितलेल्या किमतीवर हप्ता आकारला जाई व नुकसानीच्या वेळी मात्र बाजारभाव पाहिला जाई. त्यामुळे वाद उद्भवत. नव्या दरपत्रकाने 'विमित घोषित मूल्य' ही संकल्पना आणली. उत्पादकाच्या विक्री किमतीतून वाहनाच्या वयानुसार घसारा वजा होऊ लागला. सहा महिन्यांपर्यंत तो ५ टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या वाहनास ५० टक्के ठरला. खाजगी मोटारींसाठी मुंबई व पुणे यांसह आठ शहरे 'अ' विभागात, तर उर्वरित देश 'ब' विभागात गणला गेला. परिणामी पुण्यात नोंदलेल्या मोटारीचा हप्ता नाशिकमधील तशाच मोटारीपेक्षा अधिक असे.

महापुराचा धडा :
२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईतील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. दोन हमींमधील भेद या आपत्तीत ठळकपणे दिसून आला. पूर, आग, चोरी, दंगल, भूकंप, दरड कोसळणे ही संकटे स्वतःच्या वाहनाच्या विम्यात समाविष्ट होती. केवळ 'थर्ड पार्टी' विमा असलेल्यास मात्र काहीच मागता येत नव्हते, कारण येथे कोणा त्रयस्थाची हानी झालेली नव्हती. सर्वंकष विमा असलेल्यांपुढेही प्रश्न होताच. पाण्यात उभ्या वाहनाचे इंजिन सुरू केल्याने झालेली हानी 'परिणामी नुकसान' ठरवून दावे नाकारले जात. अशा हानीसाठी इंजिन संरक्षणाचे स्वतंत्र पूरक कवच पुढील काळात प्रचारात आले.

दोन हमींचे विभक्तीकरण :
१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या विम्याचे दर मुक्त झाले. त्रयस्थ विम्याचा दर मात्र नियामकाच्याच हाती राहिला. त्रयस्थ विम्यातील तूट दुसऱ्या विभागातील शिलकीतून भरून काढण्याची जुनी व्यवस्था स्पर्धेमुळे डळमळली. मालवाहू व व्यापारी वाहनांच्या त्रयस्थ विम्याचा भार वाटून घेण्यासाठी २००७ मध्ये सामायिक निधी उभारावा लागला. तो २०१२ पर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तीन व दुचाकींना पाच वर्षांचा त्रयस्थ विमा बंधनकारक झाला. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटारी व दुचाकींसाठी स्वतःच्या नुकसानीचे स्वतंत्र वार्षिक विमापत्र मिळू लागले. १ ऑगस्ट २०२० पासून दोन्ही हमींची दीर्घ मुदतीची एकत्रित विमापत्रे बंद झाली. अशा रीतीने कल्पनेतील भेद कागदावरही उतरला.

निष्कर्ष :
त्रयस्थाला कायद्याचे व मालकाला कराराचे संरक्षण, ही विभागणी तत्त्वतः योग्य आहे. परंतु या इतिहासातून एक विसंगती पुढे येते. व्यवहारात सर्वंकष विम्याचा आग्रह कर्ज असेपर्यंतच धरला जातो. कर्ज फिटले की ही अट संपते. त्याच सुमारास वाहनाचे विमित मूल्यही घसरलेले असते, आणि खर्च वाचविण्यासाठी मालक केवळ सक्तीच्या विम्यावर येण्याचा संभव वाढतो. रिक्षा वा टेम्पो हेच ज्याचे उपजीविकेचे साधन आहे, त्याच्या दृष्टीने जुने वाहनही तितकेच मोलाचे असते. म्हणजेच स्वतःच्या वाहनाच्या विम्याने कर्जदात्याच्या भांडवलाची पाठराखण जितक्या सातत्याने केली, तितकी मालकाच्या उपजीविकेची केली नाही. विमापत्रे वेगळी झाली, तरी बोलण्यात 'विमा आहे' या दोन शब्दांत दोन्ही हमी अजून एकत्रच नांदतात. हा भेद वाहनमालकापर्यंत पोहोचविणे हे विमा साक्षरतेचे पहिले कार्य ठरते.