होमोसिस्टीनचा कोकणी पूर्वेतिहास

होमोसिस्टीन शरीरातच तयार होते. मासे, डाळी, दूध यांच्या प्रथिनांतले मेथिओनिन हे अमिनो आम्ल खर्ची पडले की ते मागे उरते. त्याचे पुन्हा मेथिओनिन करायला फोलेट आणि बी-12 ही दोन जीवनसत्त्वे एकाच वेळी लागतात. उरलेल्या होमोसिस्टीनची विल्हेवाट बी-6 च्या मदतीने लागते. लिटरभर रक्तद्रवात 15 मायक्रोमोलपेक्षा जास्त होमोसिस्टीन आढळले तर ते वाढलेले मानतात. ही तपासणी अलीकडची असली, तरी ज्या कमतरतांमुळे आकडा चढतो त्या जुन्या आहेत आणि त्यांच्या शोधाचा एक महत्त्वाचा भाग मुंबई-पुण्यात घडला. मालवण किनाऱ्याचा त्याच्याशी संबंध दोन वाटांनी येतो: तिथल्या स्वयंपाकातून आणि तिथून गिरण्यांकडे गेलेल्या माणसांतून.

या किनाऱ्यावरचे जेवण ऋतूंना बांधलेले होते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जात, रापणी लागत आणि बांगडा, तारली यांची रास वाळूवर पडे. खाडीकाठच्या बायका ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढत. बी-12 साठी शिंपल्यांतल्या जिवांइतके समृद्ध अन्न क्वचितच असेल, आणि ते मिळवायला होडी लागत नसे, पैसाही लागत नसे. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून उन्हाळ्यातच आगोट भरून ठेवायची रीत होती: खारा बांगडा, सुकट, वाळवलेली सुंगटे. खारवायचे मीठ जवळच पिके. शिरोड्याची मिठागरे 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे देशभर माहीत झाली. बी-12 उष्णतेला बरेच टिकते, त्यामुळे सुक्या मासळीतूनही त्याचा पुरवठा अगदी तुटत नसे.

फोलेटचे तसे नाही. ते पाण्यात विरघळते, शिजवताना नासते, आणि शरीरातला साठा काही महिन्यांतच संपतो. बी-12 चा साठा मात्र वर्षानुवर्षे पुरतो. फोलेट वरचेवर मिळावे लागते, आणि मालवणी परसात ते मिळत असे. कुळथाची पिठी, चवळी, शेवग्याचा पाला, लाल माठ. पहिल्या पावसानंतर बांधावर आपोआप उगवणारा टाकळा. म्हणजे ज्या महिन्यांत ताजी मासळी नसे, त्याच महिन्यांत रानभाजी फुकट मिळे. हे कोणी योजून केले नव्हते, आणि त्याचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. गरीब घरात पुष्कळदा पेजेबरोबर मिठाचा खडाच असे, आणि चांगली मासळी बाजारात जाई. ज्या घरांत मासे वर्ज्य होते तिथे बी-12 ची सारी भिस्त दुधा-ताकावर होती. कोकणात दुभते बेताचे, आणि दुधाच्या जागी जो नारळाचा रस सढळ हाताने पडतो त्यात बी-12 नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्हा त्यांना माणसे पुरवू लागला. त्या वेळी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांतला सर्वांत मोठा गट रत्नागिरीकरांचा होता. पुरुष आगबोटीने मुंबईला येत, एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. गावाहून परतताना गाठोड्यात सुकी मासळी येई. मुंबईच्या बाजारातही मासे मिळत. तुटले ते परस. शेवग्याचा पाला आणि टाकळा फुकट मिळायचे बंद झाले, आणि भाजी पैसे मोजून घ्यायची वस्तू झाली. कामगार वस्तीत फोलेटची बाजू आधी लंगडी पडली असावी, असा अंदाज यावरून बांधता येतो.

पुढे त्याच वस्तीच्या ऐन मध्यावर, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, फोलेटचा माग लागला. 1928 मध्ये डॉ. ल्युसी विल्स लंडनहून मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय त्यांना तपासायचा होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने मोठ्या होत. आजार गरिबांत जास्त होता, पडद्यात राहणाऱ्या मुस्लिम स्त्रियांत विशेष. विल्स यांनी आधी संसर्गाची शक्यता पडताळली; मग तळपदे या सहकाऱ्याबरोबर मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती 1930 मध्ये प्रसिद्ध झाली. रोगाचे मूळ ताटात आहे, हे त्यांना दिसू लागले होते. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग करताना यीस्टचा अर्क असलेले मार्माइट गुणकारी ठरले. तेच रुग्ण स्त्रियांना दिले, आणि त्या बऱ्या झाल्या. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निष्कर्ष छापून आला.

यकृताचा जो शुद्ध अर्क पर्निशस ॲनिमिया या दुसऱ्या रक्तक्षयाला लागू पडे, तो या रक्तक्षयाला पडत नाही, हेही विल्स यांनी पुढे दाखवले. म्हणजे पदार्थ दोन होते. विल्स यांच्या अज्ञात घटकाला 1941 मध्ये फोलिक आम्ल हे नाव मिळाले. 1945 मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार झाले. ते करणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. यकृतातला दुसरा घटक, बी-12, 1948 मध्ये वेगळा काढला गेला. फोलिक आम्लाची गोळी हाती येताच तिचा धोकाही कळला: बी-12 कमी असताना ती एकटीच दिली तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. याचे रासायनिक कारण 1962 मध्ये हर्बर्ट व झालुस्की आणि नोरोन्हा व सिल्व्हरमन या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे सुचवले. बी-12 नसेल तर फोलेट त्याच्या मिथाइल रूपात अडकून पडते आणि निरुपयोगी होते.

खुद्द होमोसिस्टीन 1932 मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु विन्यो यांच्या प्रयोगशाळेत सापडले, म्हणजे विल्स यांच्या लेखानंतर वर्षभरातच. या दोन शोधांचे नाते तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते. होमोसिस्टीन आणि रक्तवाहिन्यांचा विकार यांचा संबंध किल्मर मॅक्कली यांनी 1969 मध्ये मांडला.

महाराष्ट्रात हा धागा पुन्हा सापडला तो पुण्यात. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये आसपासच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. 2001 मध्ये हेल्गा रेफसम यांच्यासह प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 204 पुणेकरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. मुख्य कारण बी-12 चा तुटवडा. फोलेट बहुतेकांत पुरेसे होते. डाळ-भाजी खाणाऱ्या देशावर ते अपेक्षितच. मुंबईच्या प्रसूतिगृहांत जोडीतले एक जीवनसत्त्व कमी निघाले, पुण्यात दुसरे. 2008 मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली: ज्या मातांत फोलेट जास्त पण बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध अधिक होता. गरोदरपणी फोलिक आम्ल सर्रास दिले जाते त्या देशात ही नोंद किरकोळ नव्हे.

उपचाराचा क्रम या इतिहासातूनच ठरतो. आधी बी-12 मोजायचे आणि भरून काढायचे, मग फोलेट. मूत्रपिंड, थायरॉइड आणि मेटफॉर्मिनसारखी औषधेही तपासायची. मात्रा मोठी लागतेच असे नाही. पुण्याच्या 2010 च्या चाचणीत रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12 नेही होमोसिस्टीन उतरले. एवढे मध्यम बांगड्यातून सहज मिळते. आकडा उतरला म्हणून हृदयविकार टळतो, ही आशा मात्र 2006 च्या दोन मोठ्या चाचण्यांनी फोल ठरवली. पक्षाघाताबाबत थोडा लाभ दिसतो.

औषधांच्या दुकानांत आज बी-12 च्या मिथाइलकोबालामिन या रूपाची चलती आहे, आणि फोलेटला मिथाइल रूप देणाऱ्या एमटीएचएफआर जनुकातला 1995 मध्ये माहीत झालेला फरक असणाऱ्यांना मिथाइलफोलेट सुचवले जाते. काहींना या गोळ्यांनी अस्वस्थपणा, धडधड, निद्रानाश होतो. या तक्रारींचा नियंत्रित अभ्यास फारसा झालेला नाही, पण म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. अशा वेळी मात्रा घटवता येते किंवा रूप बदलता येते. पेशीत शिरल्यावर मिथाइलकोबालामिनचा मिथाइल गट काढूनच घेतला जातो, त्यामुळे हायड्रॉक्सो किंवा सायनो रूपाने फारसे काही गमवावे लागत नाही. जनुकात तो फरक असलेल्यांचे शरीरही साधे फोलिक आम्ल वापरू शकते. त्यांना राइबोफ्लेविन, म्हणजे बी-2, पुरेसे मिळते की नाही हे पाहणे अधिक उपयोगाचे.