जोडधंद्यातली व्हायोलिनं

आर्क्टिक मंकीजचं '५०५' तुम्ही ऐकलं असेलच. मुद्दाम लावलं नसेल, तरी एखाद्या रीलमध्ये कानावरून गेलं असेल. सुरुवातीला नुसता ऑर्गन, मग हळूहळू चढत जाणारा ताण आणि शेवटी फुटणारी गिटार. २००७च्या या गाण्यात बँडबाहेरचा एक पोरगा गिटार वाजवतोय. त्याचं नाव माइल्स केन.

केन लिव्हरपूलशेजारच्या विरल भागातला. 'द लिटल फ्लेम्स' नावाच्या छोट्या बँडमध्ये होता आणि २००५मध्ये आर्क्टिक मंकीजच्या दौऱ्यात त्यांच्याआधी वाजवायचा. तिथे त्याची अॅलेक्स टर्नरशी गट्टी जमली. दोघंही १९८६चे. एकाच वर्गात असते तर मागच्या बाकावर बसून एकच इअरफोन दोघांत वाटून घेणारे.

टर्नरची तेव्हाची अवस्था समजून घ्यायला हवी. जानेवारी २००६मध्ये त्याच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांहून जास्त प्रती खपल्या. टर्नर वीस वर्षांचा. त्याची गाणी शेफील्डमधली रात्र सांगायची: क्लबच्या दारातले बाउन्सर, टॅक्सीची रांग, उगाच लागलेली भांडणं. भाषा आणि उच्चार थेट शेफील्डचे. पेपरवाल्यांनी त्याला पिढीचा आवाज करून टाकलं. ऐकायला छान वाटतं, पण विशीतल्या मुलासाठी हा पिंजराच. कारण मग तू आयुष्यभर टॅक्सीच्या रांगेबद्दलच लिहायचं. जरा वेगळं लिहिलंस, की लोक म्हणणार, पोरगा बदलला.

इंग्रजीत ज्याला 'साइड प्रोजेक्ट' म्हणतात, त्याला मी जोडधंदा म्हणेन. मुख्य पिकावर जो प्रयोग करायची छाती होत नाही, तो माणूस बांधावरच्या चार वाफ्यांत करून बघतो. २००७च्या उन्हाळ्यात टर्नर आणि केन फ्रान्समधल्या एका स्टुडिओत गेले. ड्रम्सवर आणि निर्माता म्हणून जेम्स फोर्ड. जोडधंद्याचं नाव 'द लास्ट शॅडो पपेट्स'. एप्रिल २००८मध्ये 'द एज ऑफ द अंडरस्टेटमेंट' हा अल्बम आला आणि थेट ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. बारा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं.

पहिलंच गाणं लावा. घोडा उधळल्यासारखे ड्रम, वर गिटारी आणि मग अख्खा ऑर्केस्ट्रा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला स्टेज शो आठवतो, तो इथे नाही. इथे लंडन मेट्रोपॉलिटन ऑर्केस्ट्रा आहे, नोटेशन समोर ठेवून वाजवणारा. ते नोटेशन लिहिलं ओवेन पॅलेट या कॅनडाच्या व्हायोलिनवादकाने. गाणं तयार झाल्यावर वरून साखर भुरभुरावी तशी व्हायोलिनं टाकणं सोपं असतं. बरेच रॉक बँड तेच करतात आणि मग त्यांची गाणी लग्नाच्या व्हिडिओसारखी वाटायला लागतात. पॅलेटच्या व्हायोलिनी भांडतात. गायकाची ओळ संपायच्या आत मध्येच तोंड घालतात.

हा आवाज या पोरांना सापडला कुठे? त्याचं मोठं उत्तर म्हणजे स्कॉट वॉकर.

वॉकर मूळचा अमेरिकन, ओहायोत १९४३मध्ये जन्मलेला. खरं नाव नोएल स्कॉट एंगेल. १९६५मध्ये तो 'वॉकर ब्रदर्स'बरोबर ब्रिटनला आला (तिघंही भाऊ नव्हते आणि कुणाचंच आडनाव जन्मापासून वॉकर नव्हतं). मुली किंचाळायच्या, गाणी पहिल्या क्रमांकावर जायची. मग तो एकटा गायला लागला आणि १९६७ ते १९६९ या काळात त्याने चार अल्बम काढले: 'स्कॉट', 'स्कॉट टू', 'स्कॉट थ्री', 'स्कॉट फोर'. खर्जातला तो मखमली आवाज, मागे भरजरी ऑर्केस्ट्रा, आणि शब्दांत मात्र मृत्यू, वेश्या, दारुडे खलाशी, एकट्या बायका. बेल्जियमच्या जाक ब्रेलची गाणी तो इंग्रजीतून गायचा. त्यातलं 'जॅकी' बीबीसीने वाजवायला नकार दिला होता.

'स्कॉट थ्री'मधलं 'इट्स रेनिंग टुडे' हेडफोन लावून ऐका. साधी, हळवी चाल आहे. पण तिच्या डोक्यावर व्हायोलिनांचा एक उंच, बेसूर वाटणारा सूर नुसता टांगून ठेवलाय. डास कानाशी घोंघावावा तसा. गाणं आठवणींबद्दल बोलतं आणि तो सूर सांगतो की या आठवणी बऱ्या नाहीत.

तो सूर लिहिणाऱ्या अरेंजरचं नाव तेव्हाच्या रेकॉर्डवर वॉली स्टॉट असं आहे. जन्म १९२४, लीड्स, म्हणजे शेफील्डपासून तासाभराचं अंतर. १९७२पासून त्या अँजेला मॉर्ली म्हणून जगल्या. पुढे दोनदा ऑस्करचं नामांकन मिळालं. उघडपणे ट्रान्स असलेल्या व्यक्तीला मिळालेली ती पहिली ऑस्कर नामांकनं. पण पॉपच्या इतिहासात नाव वॉकरचं. मुंबईत सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी हिंदी गाण्यांसाठी वर्षानुवर्षं व्हायोलिनांच्या ओळी लिहिल्या आणि रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं लागलं, त्यातलाच हा प्रकार.

१९६९च्या अखेरीस 'स्कॉट फोर' आला. सगळी गाणी वॉकरची स्वतःची. त्याने तो आपल्या जन्मनावाने काढला. अल्बम यादीत कुठेच आला नाही. ज्याला आज त्याचं शिखर मानतात, ते तेव्हा कुणी विकत घेतलं नाही. वॉकर खचला आणि सत्तरच्या दशकात बराच काळ दुसऱ्यांचीच गाणी गात राहिला. शिवाय ऑर्केस्ट्रा महाग होता. तीस माणसं तीन तासांसाठी बोलवायची, प्रत्येकाला ठरलेले पैसे द्यायचे. चार पोरं आणि दोन अॅम्प्लिफायर स्वस्त पडतात.

तो आवाज जिवंत ठेवला चाहत्यांनी. लिव्हरपूलच्या पोस्ट-पंक वर्तुळातल्या ज्युलियन कोपने १९८१मध्ये वॉकरच्या जुन्या गाण्यांचं एक संकलन काढलं. शेफील्डच्या पल्प या बँडने २००१मध्ये आपला 'वी लव्ह लाइफ' चक्क वॉकरकडून करून घेतला. त्याच शहरातल्या रिचर्ड हॉलीने २००५मध्ये 'कोल्स कॉर्नर' काढला, व्हायोलिनांत न्हालेला. शेफील्डच्या ज्या कोपऱ्यावर जोडपी एकमेकांची वाट बघत उभी राहायची, त्याचं हे नाव. २००६मध्ये मर्क्युरी पुरस्कारासाठी 'कोल्स कॉर्नर' आणि आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम समोरासमोर होते. जिंकले मंकीज. स्टेजवर जाऊन टर्नर म्हणाला, हॉलीला कुणीतरी लुटलंय, पोलिसांना बोलवा. मला ती निव्वळ नम्रता वाटत नाही. पुढच्याच वर्षी तो स्वतः व्हायोलिनं शोधत निघाला.

आणि वॉकर? २००६मध्येच त्याचा 'द ड्रिफ्ट' आला. त्यातल्या एका गाण्यात ताल म्हणून डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर बुक्के मारलेत. ज्या सुटाबुटातून तो जीव मुठीत घेऊन पळाला, तोच सूट एकविशीतली दोन पोरं हौसेने अंगावर चढवत होती.

सूट थोडा ढगळच होता, हे कबूल करायला हवं. 'माय मिस्टेक्स वेअर मेड फॉर यू' ऐकताना जेम्स बॉन्डच्या सिनेमाची पाटी पडद्यावर येईल असं वाटत राहतं. दोघं मोठ्या माणसांची दुःखं भाड्याने आणतात. पण त्या सोंगामुळे टर्नरला टॅक्सीच्या रांगेतून बाहेर पडता आलं. लांबवलेले स्वर, कुजबुज, नाटकी थांबे हे सगळं त्याचा गळा इथेच शिकला. स्वतःच्या बँडमध्ये तो हे करता तर मित्र हसले असते.

२०१६मध्ये दोघांनी दुसरा अल्बम काढला, 'एव्हरीथिंग यू हॅव कम टू एक्स्पेक्ट'. व्हायोलिनं पुन्हा पॅलेटचीच, क्रमांक पुन्हा पहिला. मला तो पहिल्याइतका आवडत नाही. त्यात पोरकट माज आहे आणि तिशीत तो शोभत नाही.

पण वाफ्यातलं पीक तोवर शेतात पोचायला लागलं होतं. २०१८मध्ये आर्क्टिक मंकीजनी गिटार बाजूला सारून पियानोभोवती 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो' रचला. बरेच चाहते चिडले. २०२२च्या 'द कार'मध्ये तर व्हायोलिनं बँडच्या घरचीच झाली. त्यातलं पहिलं गाणं, 'देअर्ड बेटर बी अ मिररबॉल', पियानोने उघडतं आणि मग तारा येतात, घाई न करता. ऑर्केस्ट्राचं काम ब्रिजेट सॅम्युएल्सने टर्नर आणि फोर्डबरोबर केलंय. टर्नर तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. स्कॉट वॉकरला जाऊन तीन वर्षं झाली होती.